मयेकर सर ‘नाही’ म्हणाले नव्हते

मयेकर सरांच्या शोकसभेत माझंच कौतुक झालं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये सभा होती. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बोलणाऱ्याला ओरडावं लागत होतं. सरांचा एक माजी विद्यार्थी, आता तोही निवृत्तीला आलेला, आठवणी सांगता सांगता रंगात आला. म्हणाला, “सर पक्के रक्तवादी! माणूस कसा वागणार ते त्याच्या बापजाद्यांवरून ठरतं, हे त्यांचं मत. पण एकदा त्यांचा पराभव झाला. हे आपले जोगळेकर सर समोर बसलेत. मयेकर सरांनी नाही म्हटलं असताना त्यांनी आपली मुलगी सुर्व्यांच्या घरात दिली आणि संसार उत्तम झाला!”

शोकसभेत टाळ्या पडल्या. माणसं वळून माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली, तर तोही माझा विनय ठरला. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी, कुसुमवहिनी, बसल्या होत्या. त्याही हसल्या. त्यांचं हसू मात्र इतरांसारखं नव्हतं.

त्या गोष्टीत संसार उत्तम झाला एवढंच खरं आहे. बाकीची मी रचली आणि वीसेक वर्षं गावात फिरू दिली. ती परत घ्यायची तर आधी मयेकर सर कसे होते ते सांगायला हवं.

वसंत मयेकर रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. माणूस ठेंगणा, खांद्याला रुंद, पायांत बारा महिने रबरी चपला. मिऱ्याच्या मच्छीमार वस्तीतलं घर. नोकरी लागल्यावर गावात जागा घ्यायची सोडून त्यांनी त्याच घराला पुढे ऐसपैस पडवी काढली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. आवाज होडीवरून किनाऱ्यावर हाक मारावी असा. स्टाफरूममध्ये ते कुजबुजले तरी ग्रंथालयातली मुलं वर बघायची.

सर येत आहेत हे दिसण्याच्या आधी ऐकू यायचं. सावलीतून उन्हात पाऊल टाकलं की त्यांना शिंका यायच्या. लागोपाठ दोन, सणसणीत. प्रयोगशाळेच्या इमारतीतून ते मैदानात उतरले की दोन शिंका ऐकू यायच्या आणि पलीकडच्या वर्गातली मुलं गुपचूप वह्या उघडायची.

“औषध घ्या हो,” मी एकदा म्हटलं.

“कशावर? ही सर्दी नाय, वारसा आहे. काही घरांत डोळ्यांवर ऊन आलं की नाक चाळवतं. आईबापातल्या एकाला असलं तर साधारण निम्म्या पोरांना येतं. माझ्या बापाशीला होतं, मला आहे, माझ्या मुलाला आहे. जमीन नाय मिळाली, हे मिळालं.”

मग ते बापाची गोष्ट सांगायचे. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की माझ्या झोपेतही सांगता येईल. सरांचे वडील होडीचे तांडेल, म्हणजे होडी ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. उन्हं वर आली की होड्या सुटायच्या. तांडेल झोपडीच्या अंधारातून बाहेर यायचा आणि उजेडात येताच शिंकायचा. निघताना शिंक म्हणजे अपशकुन. सगळ्या होड्या थांबायच्या, आणि वस्ती तांडेलाला शिव्या घालायची. शेवटी सरांच्या आजीने तोड काढली. म्हणाली, “त्याला सगळ्यांच्या आधी बाहेर काढा, उन्हात उभा करा, काय ते शिंकून घेऊ दे. मग सुटा.” तसं सुरू झालं. काही वर्षं गेली, आणि लोकांना तांडेलाची शिंक ऐकल्याशिवाय निघणंच नको वाटू लागलं. एक दिवस मळभ आलं. ऊन नाही, त्यामुळे शिंक नाही. तांडेल आभाळाकडे तोंड करून उभा, आणि अख्खी वस्ती किनाऱ्यावर बसून. त्या दिवशी कुणी समुद्रात गेलंच नाही.

“आता सांगा,” सर टेबलावर हात आपटून म्हणायचे, “शिंक रक्तातली, कबूल. तिचा अपशकुन केला तो माणसांनी, नि मग शकुन केला तोही माणसांनीच. रक्तानं काय केलं? फक्त नाक हलवलं!”

त्यांची सगळी विद्या या एका गोष्टीत होती, असं मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त हसायचो.

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला त्यांच्याकडे एक कागद असायचा. औषध लावून वाळवलेला, त्याचा तुकडा जिभेवर ठेवायचा. काहींना तो जहर कडू लागतो, काहींना लागतच नाही, आणि तेही आईबापांकडून येतं. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी तो प्राचार्यांना दिला. प्राचार्यांनी गंभीरपणे चघळला आणि म्हणाले, “कागद आहे.” इंग्रजीच्या बाईंनी तोच जिभेला लावला आणि पदर तोंडावर धरून बेसिनकडे धावल्या. सरांना कोण आनंद झाला. “बघा, दोघंही खरं बोलतायत! कारलं कडू नाय म्हणणारा नवरा खोटारडा नसतो. घरातली अर्धी भांडणं ह्या कागदानं मिटतील.”

माणसांचं उभं राहणं, चालणं, ऐकताना मान कलती करणं यांचा त्यांना नाद होता. एकदा आम्ही एसटी स्टँडवर एका पाहुण्याला गुहागरच्या गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. खांबाला टेकून एक मुंबईकर उभा होता, चाळिशीचा, डोळ्यांवर गॉगल. उजवं पाऊल उचलून डाव्या पोटरीवर टेकवलेलं, बगळ्यासारखं. सर त्याच्याकडे बघतच राहिले, मग सरळ जाऊन म्हणाले, “तुम्ही अंजनवेलचे काय ओ?”

माणूस दचकला. “हो. तुम्ही कसं ओळखलंत?”

“तुमचा बापूस असाच उभा राहायचा. आमच्या जेटीवर मासळी उतरवायला यायचा तेव्हा मी लहान होतो. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो नि पडायचो.”

त्या माणसाने गॉगल काढला. तो आईच्या पोटात असतानाच वडील समुद्रात गेले होते. घरात वडिलांचा एकसुद्धा फोटो नव्हता. त्याला वाटायचं, आपल्याला वडिलांचं काहीच मिळालं नाही. गाडी लागली, लोक चढले, कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी तो मनुष्य तसाच एका पायावर उभा. आता मात्र मुद्दाम, जपून. गाडी हलली तेव्हा मागच्या खिडकीतून त्याने सरांना हात केला. सर मला म्हणाले, “बघितलंत? कुणी शिकवलं नाय, दाखवलं नाय, तरी पाय बरोबर जागेवर.” आणि सावलीतून बाहेर पडून शिंकले.

यावरून ते रक्तवादी होते असं कुणाला वाटेल. तर मे महिन्यातली आंब्यांची बैठक ऐका. दरवर्षी सर आम्हा सगळ्यांना पडवीत बोलवायचे आणि तीन थाळ्यांत हापूसच्या फोडी ठेवायचे. कुठला आंबा कुठला ते सांगायचे नाहीत. आम्ही मिटक्या मारत भांडायचो. पहिल्या थाळीतला पायरीच आहे असं म्हणणाराही एक निघायचा. सगळ्यांची मतं ठाम झाली की सर उघड करायचे, “तिन्ही हापूस. एक पावसच्या कातळावरचा, एक देवरुखच्या बाजूचा, एक माझ्या परसातला. कलमाचं कलम, त्याचं परत कलम. रक्तात केसाएवढा फरक नाय. एकच झाड समजा, तीन ठिकाणी उभं. तरी तुम्ही मारामारीला आलात! मग चव कोणाची? झाडाची की जमिनीची?”

आतून कुसुमवहिनींचा आवाज यायचा, “कापणाऱ्याची. ह्यांनी जन्मात एक आंबा कापलेला नाही.”

अशा माणसाकडे लोक लग्नाचा सल्ला घ्यायला येऊ लागले, यात नवल नव्हतं. कशी कोण जाणे, पण रीत पडून गेली. स्थळ आलं की आधी सरांची पडवी आणि मग पत्रिका. “सर, मुलाच्या काकाला वेड लागलं होतं.” “सर, मुलीची आई झोपेत बोलते.” “सर, त्यांच्याकडं सगळे डावखुरे.” जिथे खरंच आजाराचा प्रश्न असे तिथे सर रक्त तपासायला लावून डॉक्टरकडे पाठवायचे. बाकी सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर, “चालेल.” माझ्या माहितीत त्यांनी कुणालाही ‘नाही’ म्हटलं नाही.

पण उत्तर आल्या आल्या मिळत नसे. पडवीच्या वाशाला वडिलांचं जुनं जाळं टांगलेलं होतं. पाहुणा बसला की सर त्याच्या मांडीवर जाळ्याचा गुंता ठेवायचे. “बोलता बोलता हा जरा सोडवा, माझी नजर पोचत नाय.” माणूस गुंता सोडवत बोलायचा. हात कामात असले की जीभ सैल होते, असं सर म्हणायचे. खरं तर ते हातांकडेच बघत असायचे. कोण ओढतो, कोण कंटाळून बाजूला ठेवतो, कोण गाठीत नखं घालून शांतपणे सैल करत बसतो. पाहुणा गेल्यावर सर ते जाळं घ्यायचे आणि पुन्हा गुंतवून ठेवायचे. मी एकदा बघितलं तर म्हणाले, “उद्याची तयारी.”

आता माझी पाळी.

माझी मुलगी मेधा हिला नितीन सुर्वेशी लग्न करायचं होतं. नितीन सरांचा आवडता विद्यार्थी, देवरुखला शिकवायला लागलेला. त्याचं घर हातखंब्याच्या आतल्या गावात, शेतीवाडीचं. वडील आबा सुर्वे रागासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. एकदा एसटीच्या कंडक्टरशी भांडून ते भर उन्हात मध्येच उतरले आणि तासभर चालत घरी आले. आपला संघ क्रिकेटची मॅच हरल्यावर त्यांनी रेडिओ विहिरीत टाकला होता.

मी स्वतःला सुधारक समजत होतो. व्याख्यानं दिली होती. त्यामुळे सुर्वे आपल्यातले नाहीत, हे माझ्या पोटात होतं ते ओठांवर आणायची सोय नव्हती. जात काढायची लाज वाटत होती, म्हणून मी रक्त काढलं. आणि रक्ताचा जाणकार माणूस माझा मित्र होता.

मी मिऱ्याला गेलो. सरांनी जाळं पुढे केलं.

“मयेकर, मी काय पाहुणा आहे?”

“पडवीत सगळे पाहुणे. धरा.”

मी गुंता हातात घेऊन एसटीची, रेडिओची गोष्ट सांगितली. म्हटलं, “राग त्यांच्या रक्तातच आहे. उद्या माझ्या नातवंडांत उतरला तर?”

“उतरेल थोडा. लवकर तापणं घरातून येतं, हे खरं आहे. पण तापल्यावर काय करायचं, ते पोर बघून बघून शिकतं. आबानं रेडिओ विहिरीत टाकला, हे तुम्हाला कुणी सांगितलं. मग तोच दोर बांधून खाली उतरला नि काढून आणला, नि पोरांसमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, हे नाय सांगितलं. नितीननं दोन्ही बघितलंय.”

“म्हणजे तुमचं मत काय?”

“चालेल.”

“चालेल काय, चालेल! सगळ्यांना म्हणता तसं मलाही—” असं म्हणत मी हातातला गुंता हिसडला. जाळं टर्रकन फाटलं. चांगलं हातभर.

चहा घेऊन आलेल्या वहिनी उंबऱ्यात थांबल्या. जाळ्याकडे बघून म्हणाल्या, “भावजी, ह्यात एकदा मुशी सापडली होती, शार्क हो, माणसाएवढी. तिलासुद्धा फाडता आलं नव्हतं.”

सर खदखदून हसले. “जोगळेकर, एकदा सुर्व्यांना विचारा, त्यांना तुमचं रक्त चालतंय का!”

मी चहा न घेता उठलो. चारेक दिवसांनी हातखंब्याला जाऊन आबांसमोर बसलो आणि अतिशय दुःखी चेहरा करून म्हणालो, “माझी काही हरकत नव्हती. पण मयेकर सर नको म्हणाले. शास्त्राचा प्रश्न आहे, राग रक्तातच असतो म्हणाले.”

“कोण? मयेकर?” आबा उभे राहिले. “शिमग्याला माझ्या पानात जेवून जातो तो मयेकर? माझ्या रक्ताला बोट लावलं त्यानं?” पाण्याचा तांब्या अंगणात गेला. मी मनात म्हटलं, घ्या, सिद्ध झालं.

ज्या माणसाने आजवर एकालाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं तो ‘नाही’ म्हणाला, ही बातमी मी रत्नागिरीत पोचायच्या आधी पोचली होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सरांना घेरलं. “सर, खरं काय?” सरांनी कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं. मी पेपर तपासत होतो, म्हणजे तपासल्यासारखं करत होतो. सर म्हणाले, “पडवीतलं पडवीत.” एका घराला दिलेलं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. तो नियम त्या दिवशी माझ्या उपयोगी पडला.

पुढचं मला वहिनींकडून नंतर कळलं. मेधा रागाने पेटून मिऱ्याला गेली. “काका, तुम्ही नाही म्हणालात?”

“बाबांना विचार.”

“विचारलं. ते तुमचं नाव सांगतात.”

“मग नितीनला घेऊन ये. जाळं खूप गुंतलंय.”

दोघं गेली. मेधाने पाच मिनिटांत वैतागून जाळं ढकललं. नितीन मात्र दुपारभर बसला. गुंता सुटला तेव्हा त्याला ती फाट दिसली. “सर, हे कोणी फाडलं?”

“मुशीनं,” सर म्हणाले. वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मेधा माझ्याच घरात वाढलेली. तिला एका क्षणात सगळं कळलं आणि ती पडवीत हसत सुटली. नितीनने वहिनींकडून सुई-दोरा मागून घेतला आणि फाट विणून टाकली. त्याला विणता येत नव्हतं, सरांनी बाजूला बसून शिकवलं. ते ठिगळ अजून आहे, वेडंवाकडं.

मेधाने माझ्याशी वाद घातला नाही. आबांनाही काही सांगितलं नाही, नितीनलाही सांगू दिलं नाही. म्हणाली, “ते तुम्ही सांगायचं.” वर्षभर जेवताना फक्त विचारायची, “बाबा, तापलात का?” वर्षभरात माझा निर्धार विरघळला. लग्न ठरलं.

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण लग्नाच्या हॉलमध्ये मला चार शब्द बोलायला सांगितलं आणि मी माइक हातात घेतला. म्हणालो, “शास्त्र काही म्हणो, मी माणूस बघतो.” टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांनी भर मंडपात मला मिठी मारली. सर मधल्या रांगेत होते. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आबा त्यांच्या अंगावरून गेले आणि त्यांनी नजरही वळवली नाही. सर मसालेभात पोटभर जेवले, हॉलबाहेर उन्हात येऊन शिंकले आणि चालत स्टँडकडे गेले.

त्या दिवसापासून मी गावात मोठ्या मनाचा झालो आणि सर रक्तवादी झाले.

त्यांचं काय गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला विचारत असे. आता सांगतो. पूर्वी लोक पडवीत यायचे ते मनातली भीती घालवायला. आता काही जण ती भीती पक्की करून घ्यायला यायला लागले. ज्यांना स्थळ मोडायचं होतं त्यांना शास्त्राचा शिक्का हवा होता. “सर, जोगळेकरांना म्हणालात तसं आम्हालाही सांगा.” सर त्यांना जाळंसुद्धा द्यायचे नाहीत. पाणी देऊन उठवायचे. हळूहळू पडवी रिकामी राहू लागली.

आणि दुसरं, शिमगा. नितीन विद्यार्थी असल्यापासून सर दरवर्षी सुर्व्यांच्या अंगणात पालखी नाचताना बघायला जायचे. देवाला हात जोडून झाले की त्यांचं लक्ष बघणाऱ्यांच्या पायांकडे. ढोल सुरू झाला की कुठला पाय आधी हलतो, बापाचा आणि मुलाचा एकच का. परत आले की आठवडाभर सगळ्यांना नाचून दाखवायचे. ते आमंत्रण बंद झालं. फाल्गुनात आम्ही कुठे भेटलो तर ते एवढंच विचारायचे, “काय ओ, औंदा आबाच्या अंगणात पालखी कशी नाचली?” मी सांगायचो. ते मन लावून ऐकायचे. मला तेव्हाही तोंड उघडता आलं नाही.

त्यांच्या शेवटच्या मे महिन्यात मी आमच्या नातीला, मेधाच्या ईराला, घेऊन मिऱ्याला गेलो. ईरा आता कॉलेजात आहे. सर वाळले होते, आवाज तेवढाच. त्यांनी ईराच्या हातात गुंता दिला. तिने दोनदा बोटं चालवली आणि तिसऱ्यांदा हिसडा मारला.

“अगदी आजोबा,” वहिनी म्हणाल्या.

“सुर्व्यांच्या घरात राग कुठून आला ते आत्ता कळलं,” सर म्हणाले आणि आम्ही चौघंही हसलो.

ईरा आत गेल्यावर मी म्हटलं, “मयेकर, आता मी सांगून टाकतो. सभा घेतो, सगळ्यांना बोलावतो.”

“बोलू नका हो,” ते घाबरून म्हणाले. “तुम्ही बोलायला लागलात की शेवटी तुम्हीच मोठे होता. लिहा. लिहिताना टाळ्या पडत नाय.”

“तुम्ही इतकी वर्षं का गप्प राहिलात?”

“आधी वाटलं, तुम्ही सांगाल. म्हणून थांबलो. मग थांबायची सवय लागली.” मग समुद्राकडे बघत म्हणाले, “आबाला तेवढं तोंडानं सांगा. त्याला आता वाचता येत नाय. मला ती पालखी एकदा परत बघायची आहे.”

मी हो म्हणालो. आणि पुन्हा पुढे ढकललं. आता पाऊस आलाय, शिमग्याच्या तोंडावर सांगू, असं मनात ठरवून टाकलं. आषाढात सर झोपेतच गेले.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी हातखंब्याला गेलो. आबा खाटेवर बसले होते. ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू. मी काहीही गाळलं नाही. जात पोटात होती हेसुद्धा सांगितलं. नितीन आणि मेधा दारात उभी होती. तांब्या आला. या वेळी तो अंगणात न जाता योग्य माणसाच्या दिशेने आला आणि माझ्या खांद्याला लागला.

“बामणानू,” आबा म्हणाले, “वीस वर्षं माझ्या पंक्तीला बसलात. नि तो मयेकर भायेर!”

मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, जोरात. “नि मी? मी तरी त्याला एकदा इचारायचं होतं ना!” उठून काठी शोधू लागले. “नितीन, गाडी काढ.”

मिऱ्याला पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. वहिनींनी आबांना सरांच्या जागी बसवलं आणि त्यांच्या मांडीवर जाळं ठेवलं. आबांना दिसत नव्हतं. ते बोटांनी चाचपत एकेक गाठ सोडवत राहिले. मध्येच सरांना शिव्या देत होते. “मेल्या, एक शब्द बोलला असतास तर काय जीभ झडली असती? एवढा ओरडायचास नि इथंच गप्प?” नितीनच्या वेड्यावाकड्या ठिगळावर त्यांची बोटं थांबली. “हे काय?”

“मुशीनं फाडलं होतं,” वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. हे हसू मला ओळखीचं वाटलं, पडवीतलं जुनं.

निघताना आबा म्हणाले, “वहिनी, शिमग्याला तुम्ही यायचं. तुमच्या पोरालापण मुंबैवरून बोलवा. पान मांडून ठेवीन.”

या फाल्गुनात सरांचा मुलगा खरोखर आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बँकेतला शांत माणूस. दिसण्यात सगळा वहिनींवर गेलेला. सरांसारखं त्याच्यात काहीच दिसत नव्हतं. आवाजही हळू. आबांनी त्याला पडवीत आपल्या बाजूला बसवलं होतं, पण बोलणं होत नव्हतं. काय बोलणार? दुपारी पालखी अंगणात आली. ढोल घुमायला लागला, पोरांनी पालखी खांद्यावर घेतली आणि सगळी माणसं पुढे सरकली. सरांचा मुलगाही उठला आणि पडवीच्या सावलीतून अंगणातल्या लख्ख उन्हात उतरला.

दोन शिंका. लागोपाठ, सणसणीत. ढोलाच्या वरून ऐकू गेल्या.

वहिनींनी डोळे मिटले. खाटेवरून आबांनी काठी उंच केली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असे ओरडले, “वाट सोडा रे, मयेकर आला! त्याला पुढं येऊ द्या, नीट बघू द्या!”